दोनदा विकलेली मरळ

समुद्र पाहायची हौस गोकुळाबाईची नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाही तर आंबेटोल्यातले लोक उगाच म्हणतात, की बाईच्याच पायाला भिंगरी. तिला पाण्याचं कसलं आलंय कौतुक! बाप मासे धरणारा ढिवर, सासरा ढिवर, नवरा ढिवर. सगळा जन्म ओल्या लुगड्यात गेलेला. "पानीच पाहाचं आहे त मांगच्या दारी तलाव आहे. पाहा ना दिवसभर, कोन नाई म्हन्ते," असं ती म्हणायची आणि माशांची पाटी उचलून वडशाच्या बाजाराला निघायची.

हौस होती तिच्या नवऱ्याला, मनसारामला. त्यातही हौस थोडी आणि भांडण जास्त. झालं असं, की मच्छीमार संस्थेचा सचिव चैतू एकदा कोकणात कसल्याशा शिक्षणाला जाऊन आला आणि चार माणसांत सांगत बसला, की समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा आपणहून वर येतं आणि आपणहून मागं जातं. मनसारामची चाळीस वर्षं तलावात कंबरेइतक्या पाण्यात उभं राहून गेलेली. तलावाचं पाणी सोडायचं दार, ज्याला तिकडे तुडुम म्हणतात, ते उघडल्याशिवाय पाणी कुठं जात नाही, हे त्याला बापानं शिकवलेलं. तो म्हणाला, "मांगं जाते त कुठी जाते? तुडुम कोन उघडते?" चैतू म्हणाला, समुद्राला तुडुम नसतं. "मंग पाळ त असन?" पाणी अडवणारा बांध, म्हणजे पाळ, तीही नसते, चैतू म्हणाला. मनसारामनं तिथंच ठरवलं, की हा माणूस सरकारी पैशानं कोकणात गेला आणि खोलीत झोपून आला.

ह्या गोष्टीला पंधरा-वीस वर्षं झाली. चैतू बिचारा कधीच विसरला. मनसाराम विसरला नाही. जाळं सुकवता सुकवता मध्येच म्हणायचा, "पन गोकुळा, पाळ नाई त थांबते कसं?" गोकुळाबाईच्या कानांना त्या समुद्राचा वीट आला. पण गेल्या दोन वर्षांत त्याचे गुडघे आखडायला लागले, पाण्यातून बाहेर यायला त्याला हात द्यावा लागायचा. एक दिवस असा हात देताना तिला वाटलं, ह्या माणसानं आयुष्यात मागितलं काय? विडीसुद्धा दुसऱ्याची ओढतो. मग तिनं शिंगाड्याचे दोन हंगाम गाठीला मारले, बचत गटातून थोडे उचलले आणि वडशाच्या गुणवंतरावांच्या यात्रा गाडीत पुरीच्या दोन जागा घेतल्या, ड्रायव्हरच्या अगदी मागच्या. पाच हजार रुपये. एवढा पैसा तिनं एका वेळी पोरीच्या, रीताच्या, लग्नातच काय तो हातातून सोडला होता.

गुणवंतराव हसतमुख माणूस. गाडीत रोज गरम जेवण, मुक्कामाला धर्मशाळा. "अन यंदापासून विमा बी आहे, गोकुळाबाई," ते म्हणाले. "अडचण आली, जाता आलं नाही, तर कंपनी पैसा वापस देते. काळजीच नाही." तिला वाटलं, चांगलं आहे. सांगणाऱ्याचं तोंड गोड असलं की ऐकणाऱ्याला कडू काही सुचत नाही.

आता भुजलीबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

त्या भागात श्रावणात पोरी टोपलीत माती घेऊन गहू पेरतात आणि घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात. उन्हाशिवाय वाढलेले ते पिवळे कोंब म्हणजे भुजल्या. राखीच्या दुसऱ्या दिवशी वाजतगाजत जाऊन त्या तलावात सोडायच्या. सोडताना दोन जिवाभावाच्या पोरींनी एकमेकींच्या कानावर एकेक कोंब खोचला, की त्या जन्माच्या भुजली झाल्या. मग एकीनं दुसरीचं नाव घ्यायचं नाही, मरेपर्यंत नाही. हाक मारायची ती भुजली म्हणूनच. दुसरीच्या घरचं सुख ते आपलं सुख, दुसरीच्या घरचं सुतक ते आपलं सुतक. आणि आणखी एक. भुजलीत पैशाचं देणंघेणं नसतं. भाजी द्या, मासे द्या, रात्री-बेरात्री अंग मोडून काम करा, पण पैसा मध्ये आला की भुजली बुडाली. गावातल्या सोमारीची भुजली एका कोंबडीच्या चाळीस रुपयांवरून बुडाली होती. दोघी म्हाताऱ्या झाल्या तरी विहिरीवर एकमेकींना आडव्या जायच्या नाहीत.

गोकुळाबाई नऊ-दहा वर्षांची होती तेव्हा बौद्धवाड्यातली एक पोर तिची भुजली झाली. त्या पोरीच्या बापानं नुकतीच दीक्षा घेतलेली. घरातले देव त्यानं नदीत सोडले होते. पोर कानावर कोंब खोचून घरी आली तेव्हा तो आधी तापला, मग हसला. म्हणाला, "ह्याच्यात देव कुठी आहे? गव्हाचं पीक आहे. राहू दे." पुढं दोघी एकाच गावात नांदल्या. भुजलीचा नवरा खुशाल रामटेके प्राथमिक शाळेत गुरुजी होता, आता पेन्शनवर. मुलगा राजदीप नागपुरात नोकरीला. गुरुजी, शेजारीपाजारी तिला रुखमा, रुखमाबाई म्हणत. गोकुळाबाईच्या तोंडून पंचेचाळीस वर्षांत ते नाव आलेलं नव्हतं.

आणि पाय मोडला तो ह्याच भुजलीचा. संक्रांत होऊन आठवडा झाला होता, दुसऱ्या दिवशी पहाटे वडशाहून गाडी सुटायची होती. भुजलीनं वाटेत खायला तिळाचे लाडू केले, डब्यात भरले आणि सांजवेळी तलावाच्या पाळीवरून निघाली. तुडुमाजवळच्या पायऱ्यांवर शेवाळ. पाय सटकला आणि मांडीचं हाड मोडलं. लाडू सगळे पाण्यात. माशांची संक्रांत झाली, असं ती नंतर म्हणायची.

बैलगाडी, मग जीप, मग गडचिरोलीचा सरकारी दवाखाना. गुरुजी चांगला माणूस, पण बायको झोपून राहिली की चहाची पत्ती कुठल्या डब्यात आहे हे न सापडणारा. राजदीपची बायको नंदिनी दिवस भरत आलेली, तिला नागपूरहून हलता येईना. गोकुळाबाई जीपमध्ये बसली ती भुजलीचं डोकं मांडीवर घेऊनच. समुद्राचा विचार तिला धानोऱ्याच्या फाट्यापर्यंत आलाच नाही. आला तेव्हा तिनं शेजारी बसलेल्या मनसारामला एवढंच म्हटलं, "तुमी जा. तुमची शीट आहे."

"एकट्यानं पाह्यला त अर्धाच दिसन," मनसाराम म्हणाला. "अन मले हिंदी नाई येत."

त्यानं रात्रीच गुणवंतरावांना फोन करवून कळवलं. पहाटे गाडी गेली. गोकुळाबाई तीन आठवडे दवाखान्यात खाटेखाली झोपली. भुजलीचं सगळं केलं, अगदी सगळं. दोघींनी त्या दिवसांत एवढ्या गप्पा मारल्या, की शेजारच्या खाटेवरची बाई डॉक्टरला म्हणाली, मला दुसरीकडे हलवा, ह्या दोघी मला झोपू देत नाहीत.

घरी परतल्यावर मग पैशाची आठवण झाली. गोकुळाबाई गुणवंतरावांकडे गेली. ते बाहेरगावी गेले होते; त्यांच्या मुनिमानं तिला वरच्या मजल्यावर विम्याच्या माणसाकडे पाठवलं. हा भूपेश नावाचा तरणा माणूस, कुरखेड्याकडचाच, बोलायला गोड. त्यानं चहा मागवला, कागद काढला आणि विचारलं, "कोण आजारी होतं बाई?"

"भुजली."

"तुमची कोण लागते?"

"सांगलं ना. भुजली."

भूपेशनं पेन खाली ठेवलं. त्याची आजी कुणाची तरी भुजली होती, त्यामुळे त्याला कळलं सगळं. पण कंपनी होती शहरातली. "बाई, त्याहीच्या यादीत आई आहे, बाप आहे, नवरा, बायको, पोरं, भाऊ, बहीन. भुजली यादीत नाई. असं करू, बहीन लिहून देऊ. कोन पाह्यला येते?"

कुणी पाहायला येणार नव्हतं, हे काही खोटं नव्हतं. पाच हजार रुपये एका शब्दाच्या अंतरावर होते. गोकुळाबाईनं चहा संपवला, कप पालथा घातला.

"भाऊ, बहीन मायच्या पोटातून येते. तिले कोन इचारते, तू येते का म्हून? माही सख्खी बहीन सिरोंच्याले आहे, दहा वर्सं झाली, तिनं तोंड दाखवलं नाई. भुजली मी तोंडानं मांगून घेतली आहे. तिले बहीन लिहू? तिले खाली पाडू?"

"मंग नाव सांगा तिचं."

"मी नाव घेत नाई. गुरुजीले इचारा."

भूपेशनं कपाळाला हात लावला, पण लिहिलं तसंच लिहिलं. महिन्याभरात कंपनीचं उत्तर आलं. इंग्रजीत होतं, गुरुजींनी चष्मा लावून वाचलं आणि दोनच शब्दांत अर्थ सांगितला, "नाई देत." आजारी व्यक्ती विमाधारकाच्या कुटुंबातली नाही, असं काहीतरी. गोकुळाबाईनं शिव्या घातल्या नाहीत. ज्यानं भुजली पाहिलीच नाही त्याला काय शिव्या घालायच्या, असं तिला वाटलं. मनसाराम म्हणाला, "जाऊ दे. पुढच्या शिंगाड्याले पाहू." पण पुढच्या शिंगाड्याला बचत गटाचं देणं फेडायचं होतं, आणि त्यापुढच्या शिंगाड्याला त्याचे गुडघे काय म्हणतील ते कुणाला माहीत. हे दोघांनाही कळत होतं.

पण खरी कळ निघाली ती दुसरीकडून. भुजलीनं खाटेवरून ते उत्तर ऐकलं होतं. दोन दिवसांनी गोकुळाबाई तिच्या पायाला तेल लावायला गेली, तर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "राजदीप येऊन राह्यला पाडव्याले. त्याले सांगून तुमचे पाच हजार देतो आमी."

गोकुळाबाईनं तेलाची वाटी खाली ठेवली.

"दे," ती म्हणाली. "अन मंग त्या दिवसापासून मले गोकुळा म्हनजो."

भुजलीचा चेहरा पांढराफटक पडला. ती रडायलाच लागली. "मंग मी का करू वो? माह्या लाडवापायी मनसारामभाऊचा समुद्र गेला. तो मले दिसते अन माह्या घशाखाली घास नाई उतरत. तू पैसे घेत नाई, मले झोप येत नाई."

गोकुळाबाईनं तिला जवळ घेतलं, दटावलं, हसवलं. पण घरी येताना ती हिशेब करत राहिली. पैसे घेतले तर भुजली बुडणार, आणि नाही घेतले तरी ही बाई मनातल्या मनात झुरून दूर जाणार. दोन दिवस झाले, ती डबाही परत पाठवत होती. पाच हजार कुठून तरी तिसरीकडून यायला हवेत, आणि पाडव्याच्या आत. गोकुळाबाई देवाला फार त्रास देणारी बाई नव्हती, पण त्या रात्री तिनं एक नारळ कबूल केला.

आणि झालं काय, की सोमारीनं मावंदं घातलं. तीच ती चाळीस रुपयांवाली सोमारी. तिच्या पोरानं तिला ह्याच गाडीनं पुरीला नेऊन आणलं होतं. यात्रा करून आलेल्यानं गावाला जेवायला घालायचं आणि न गेलेल्यांनी त्याच्या पाया पडायचं, म्हणजे यात्रेचं थोडं पुण्य त्यांनाही मिळतं. गोकुळाबाईला जायची मुळीच इच्छा नव्हती. आपल्या समुद्राच्या गोष्टी दुसऱ्याच्या तोंडून कोण ऐकतं? पण गावात राहायचं तर मावंद्याला जावं लागतं. सोमारीनं गाडीतली ओळख झालेली दोन-चार माणसंही बोलावली होती. त्यातलं एक धानोऱ्याचं म्हातारं जोडपं गोकुळाबाईच्या शेजारी पंगतीला बसलं. बाईचं नाव जया. गोकुळाबाई रीतीप्रमाणे तिच्या पाया पडली.

"लय चांगलं झालं दर्शन," जयाबाई वरणात पोळी कुस्करत म्हणाल्या. "आमाले त जागाच नव्हती. गाडी भरली होती. मंग आदल्या राती गुणवंतरावचा निरोप आला का दोन शीटा खाली झाल्या, येता का म्हून. डायवरच्या मांगच्याच. कोन्या तरी बाईच्या घरी अडचन आली म्हने. पायही पसरता येत होते."

"पैसे किती घेतले वो बाई?"

"पुरेच घेतले. अन ऐन येळेचे म्हून दोनशे वरून."

गोकुळाबाईच्या हातातला घास हातातच राहिला. ड्रायव्हरच्या मागच्या दोन जागा कुणाच्या होत्या, हे तिच्याएवढं कुणाला माहीत असणार? मग तिनं शांतपणे जेवण पूर्ण केलं, वर भात मागून घेतला. खूप दिवसांनी तिला चांगली भूक लागली होती.

मनसारामला तिनं घरी येऊन सांगितलं तर तो म्हणाला, आत्ताच जाऊन गुणवंतरावची गचांडी धरतो. "तुमचे गुडघे गचांडीपर्यंत पोचत नाई," ती म्हणाली. "बाजाराच्या दिवशी पाहू. मले एक मरळ पाहिजे, मोठी. जित्ती."

गुणवंतराव तिचं जुनं गिऱ्हाईक. दर बाजारी सकाळी यायचे, पाटीतली सगळ्यात चांगली मरळ निवडायचे, पैसे मोजायचे आणि म्हणायचे, "पाण्यात ठेव बाई, सांजच्याला नेतो." मरळ चिवट मासा, घमेल्यात पाणी घालून ठेवली की दिवसभर जिवंत राहते. वर्षानुवर्षं असं चाललेलं. त्या बाजारीही ते आले. मनसारामनं आणलेली मरळ हातभर होती, घमेल्यात मावेना. गुणवंतरावांचा चेहरा खुलला. पैसे दिले आणि गेले.

दुपारी एक फॉरेस्टचा गार्ड आला. घमेल्यात डोकावून म्हणाला, ही देता का? एरवी गोकुळाबाईनं त्याला हाकललं असतं. त्या दिवशी तिनं भाव सांगितला, पैसे घेतले आणि मरळ त्याच्या पिशवीत घालून दिली. शेजारी बसणाऱ्या बाया पाहतच राहिल्या. अशी गोष्ट तिच्या हातून कधी झाली नव्हती.

सांजच्याला गुणवंतराव आले. घमेल्यात नुसतं पाणी.

"माझी मरळ?"

"गेली भाऊ."

"गेली म्हणजे? पंख फुटले का तिला?"

"विकली. तुमी आले नाई, गिऱ्हाईक आलं, देऊन टाकली."

गुणवंतराव हसले. त्यांना वाटलं बाई गंमत करते. "अवो, पण मी सकाळीच पैसे देऊन गेलो."

"हो ना. तुमचेबी आले, त्याचेबी आले. मले दोन्ही गोड लागले."

"मग माझे वापस करा."

"वापस कसे? तुमाले यायले उशीर झाला, त्यात माहा का दोष? विम्यात मांगा. वर भूपेश बसते, चहाही देते."

आजूबाजूच्या बाया हसायच्या थांबल्या. गुणवंतरावांचंही हसू मावळलं. खाई त्याला खवखवे. समजायला त्यांना फार वेळ लागला नाही. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"धानोऱ्याच्या जयाबाई माह्या बाजूले जेवाले बसल्या होत्या. डायवरच्या मांगं पाय पसरता येते म्हने."

"विम्याचं वेगळं असतं, गोकुळाबाई. नियम असतो, की—"

"विम्याचं मी म्हन्तच नाई. त्याहीनं नाई म्हटलं, झालं. ते शहराचे लोक, त्याहीले भुजली का कळन? तुमी त आमच्यातले. तुमच्या मायचीबी भुजली होती, मी लहान होती तवा पाह्यली आहे." तिनं कमरेची पिशवी सोडली, सकाळचे पैसे मोजून त्यांच्या हातावर ठेवले. "हे घ्या तुमचे. एक मासा दोनदा विकला त पयल्याचा पैसा वापस, हा बाजाराचा कायदा आहे. आज मी थोडा येळ मोडला, आता जोडून देल्ला. माहं झालं. आता तुमचं."

गुणवंतराव हातातल्या नोटांकडे पाहत उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. आलेला पैसा परत द्यायची वेळ कुणी आणली नव्हती, म्हणून राहून गेला होता. जगात निम्मे लोक ह्याच जातीचे. नोटा खिशात घालून ते गेले. बाया म्हणाल्या, गेलं, आता हे गिऱ्हाईकही गेलं. गोकुळाबाई पाट्या आवरायला लागली. तिला स्वतःलाही तेच वाटत होतं.

पाट्या आवरून होतात न होतात तोच ते परत आले. हातात पाकीट. विम्याचे तेवढे कापले होते. "ते कंपनीला भरले, ते माझ्याकडे नाहीत," ते म्हणाले. गोकुळाबाई म्हणाली, राहू द्या, तेवढ्यात शहाणपण मिळालं. त्यांनी पुढचं विचारलं, "मरळ कुठल्या गिऱ्हाइकाला दिली?" आणि मग मात्र दोघंही हसले.

आंबेटोल्याला पोचली तेव्हा ती आधी स्वतःच्या घरी गेली नाही. सरळ भुजलीच्या खाटेशी गेली आणि पाकीट तिच्या पोटावर टाकलं.

"मोज," ती म्हणाली. "मले मोजता येत नाई, मी अडानी आहे."

भुजलीनं मोजलं नाही. नुसतं पाकीट हातात धरून बसली. "राजदीपले सांगलं नाई ना तू?" गोकुळाबाईनं विचारलं. भुजलीनं मान हलवली. मग ती म्हणाली, "भूक लागली वो. काई आनलं का?" बाजारात उरलेले झिंगे होते. दोघींनी मिळून, एकीनं खाटेवरून सूचना देत आणि दुसरीनं त्या न ऐकत, ते केले.

दिवाळी झाली, धान कापून झालं आणि गुणवंतरावांची गाडी पुन्हा निघाली. ह्या खेपेला चौघं होते. दोघांचे पैसे गोकुळाबाईच्या पाकिटातले, दोघांचे गुरुजींच्या पेन्शनीतले. त्यांचे त्यांनी, ह्यांचे ह्यांनी. ड्रायव्हरच्या मागं दोघी भुजली बसल्या, भुजलीची काठी दोघींच्या मध्ये. गडी माणसं मागं. गाडीत दोघींनी एवढ्या गप्पा मारल्या, की ड्रायव्हरनं दोनदा मागं वळून पाहिलं.

पुरीला पहाटे पोचले. मनसाराम वाळूत उतरला. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मग धोतर खोचून किनाऱ्यानं चालायला लागला. गोकुळाबाई मागं. बरंच चालल्यावर तो थांबला.

"पाळ नाई," तो म्हणाला.

गुरुजींनी त्याला चंद्राचं सांगितलं. चंद्र पाणी ओढतो, म्हणून भरती येते. मनसारामनं नीट ऐकून घेतलं. "चंद्र आमच्या तलावावरबी येते, गुरुजी. आमचं पानी काऊन नाई उठत?" तेवढ्यात एक लाट आली, मनसारामच्या पोटऱ्यांपर्यंत चढली आणि परत जाताना त्याच्या पायाखालची वाळू घेऊन गेली. तो डगमगला. गोकुळाबाईनं हात दिला. तो हसत होता, त्याचे डोळे भरले होते आणि त्याला दोन्हीची लाज वाटत नव्हती.

"चैतूची माफी मांगा लागन," तो म्हणाला.

आणि मग गोकुळाबाईनं मागं वळून पाहिलं, तर भुजली नव्हती.

किनारा माणसांनी भरलेला. कुठल्या कुठल्या मुलखातून गाड्या आलेल्या. ओली लुगडी, नारळ, फुलं, फुगेवाले. भुजलीला पोहता येत नव्हतं, पाय अजून कच्चा होता. गोकुळाबाई आल्या वाटेनं धावत परत फिरली. गुरुजी "रुखमा, रुखमा" करत इकडून तिकडे धावत होते, पण मास्तरकीत आवाज झिजलेला, लाटांपुढं कुणाला ऐकू जाणार? ते म्हणाले, "तुमचा आवाज मोठा आहे, तुम्ही हाक मारा. नाव घेऊन मारा, ह्या वेळेला चालते." गोकुळाबाईनं तोंड उघडलं. नाव काही आलं नाही. मग तिनं वडशाच्या बाजारात मारतात तशी, पोटातून हाक मारली.

"भुजलीऽऽ!"

आणि किनाऱ्यावरच्या सात-आठ म्हाताऱ्या एकदम वळल्या. छत्तीसगडच्या असाव्यात, लुगड्यांवरून तसं वाटत होतं. तिकडे भुजलीला भोजली म्हणतात. एकीच्या हातात नारळ होता, एक केस पिळत होती, एक तर अर्धी पाण्यात होती. सगळ्या आपापली भुजली शोधत इकडे-तिकडे पाहू लागल्या. एकीनं तर "हव, भोजली!" म्हणून ओ सुद्धा दिली. आणि त्या सगळ्यांच्या मधून एक काठी वर झाली. भुजली ओल्या वाळूत फतकल मारून बसली होती, लाट तिच्या मोडक्या पायावरून येत-जात होती, आणि ती पोरीसारखी खिदळत होती.

गोकुळाबाई पाहतच राहिली. मग तिनं नवऱ्याच्या दंडाला धरलं.

"पाहा," ती म्हणाली. "यादीत नाई म्हने."

त्या अनोळखी बायांना तिनं हात जोडले आणि भुजलीला उठवायला गेली.